हिरड्या साफ केल्या तर एसजीपीटी उतरेल का?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही हे तुम्हालाही दिसेल. वय ४४. वर्षभरापूर्वी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड १. ताज्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२ (ही दोन्ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम), प्लेटलेट २ लाख ४० हजार. ब्रश करताना रक्त येतं म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी पायोरिया सांगितला, मागच्या दाढांभोवती ५ ते ७ मिलिमीटर खोल पॉकेट (हिरडीतल्या फटी) मोजले आणि डीप क्लीनिंग करून घ्या म्हणाले. निघताना वर एक वाक्य टाकलं, "याने लिव्हरही सुधारेल." आता तुम्ही विचारताय की हे खरं का, खरं असेल तर आधी लिव्हर की आधी हिरड्या, आणि भुलीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक वगैरे लिव्हरला सोसेल का. शेवटी जरा संकोचून लिहिलेली एक ओळ आहे, की साफसफाईनंतर दात हलायला लागतात असं घरी सगळे म्हणतात. त्या ओळीचं उत्तरही देणार आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मी २२ वर्षं हिरड्यांचंच काम करते. लिव्हरची डॉक्टर नाही, त्यामुळे लिव्हरबद्दल जे लिहीन ते तुमच्या फिजिशियनशी बोलण्यापुरतं धरा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हिरड्यांवर उपचार करायचे का, हा पहिला. त्याचं उत्तर हो, आणि त्यासाठी लिव्हरची साक्ष काढायची गरज नाही. ५ ते ७ मिलिमीटरचं पॉकेट आणि मोजताना येणारं रक्त याचा अर्थ दाताला धरून ठेवणारं हाड झिजतंय. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ववत होते. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. दुसरा प्रश्न, लिव्हरच्या उपचारांत या साफसफाईला किती जागा द्यायची. ते तुमचं लिव्हर कोणत्या टप्प्यावर आहे यावर ठरतं.

हे दोन्ही एकत्र कालवले की काय होतं ते मी बरेचदा पाहिलंय. काही जण डीप क्लीनिंग म्हणजेच लिव्हरचा इलाज समजतात आणि वजन, साखर, दारू यांकडे काणाडोळा करतात. काही जण उलट, "आधी लिव्हर ठीक होऊ दे, मग दातांचं बघू" म्हणून दोन वर्षं येतच नाहीत, आणि येतात तेव्हा दोन-तीन दाढा काढण्यावाचून इलाज उरत नाही.

आता हिरडीचा आणि यकृताचा संबंध येतो कुठून?

पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल गेली की आतली त्वचा पातळ, सुजलेली आणि जागोजागी फाटलेली होते, आणि तिला लागूनच जिवाणूंचा चिकट थर बसलेला असतो. सगळ्या तोंडातली ही जखम एकत्र केली तर तळहाताएवढी भरते असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. आमच्याच क्षेत्रातले लोक ते बिनदिक्कत सांगतात. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा आकडा ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाला, म्हणजे फार तर काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढा. हेही काही कमी नाही. एवढी जखम हातावर उघडी असती तर वर्षभर कोणी अंगावर काढली नसती.

या जखमेतून माल यकृताकडे तीन वाटांनी जातो. पहिली वाट रक्ताची. चावताना, ब्रश करताना जिवाणू थोड्या वेळासाठी रक्तात शिरतात. निरोगी माणसाचं शरीर त्यांना मिनिटांत गाठतं, आणि गाठणाऱ्यांत यकृतातल्या कुप्फर पेशी आघाडीवर असतात. दुसरी वाट गिळण्याची. दिवसाला साधारण लिटरभर लाळ आपण गिळतो आणि तिच्याबरोबर अब्जावधी जिवाणू. बहुतेक जठरातल्या आम्लात मरतात. जे वाचतात ते आतड्यात पोचतात, आणि आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येतं. (ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या आतड्यात तोंडातले जिवाणू जास्त सापडतात ते यामुळेच. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. खरंच हव्यात का एवढं डॉक्टरांना विचारा.) तिसरी वाट निरोपांची. हिरडीत दाह पेटला की इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं रक्तात उतरतात आणि यकृत त्यांना उत्तर म्हणून सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन तयार करतं. रक्ताच्या रिपोर्टवरचा सीआरपी बनतो यकृतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हिरडी ठणाणा करते आणि यकृत ऐकून कामाला लागतं.

वाटा आहेत, म्हणजे त्यांवरून जाणाऱ्या मालाने नुकसान होतंच असं नाही. तेव्हा पुरावा काय आहे ते पाहू.

जपानमधल्या एका गटाने २०१२ मध्ये दाखवलं की पायोरियातला एक कुप्रसिद्ध जिवाणू, पोर्फिरोमोनास जिंजिवालिस, फॅटी लिव्हर असलेल्यांच्या तोंडात निरोगी लोकांपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात सापडतो. चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना त्याचा संसर्ग केला तर त्यांचं फॅटी लिव्हर वेगाने बिघडलं. त्याच अभ्यासात १० रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केले आणि तीन महिन्यांत त्यांची एन्झाइम उतरली. दहाच माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नाही. पुढे २०२२ मध्ये जपानमध्येच रीतसर चाचणी झाली: फॅटी लिव्हर आणि पायोरिया दोन्ही असलेले ४० जण, त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी, अर्ध्यांना स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजेच डीप क्लीनिंग, अर्ध्यांना फक्त ब्रश करण्याचं शिक्षण. १२ आठवड्यांनी स्केलिंगवाल्या गटात एसजीपीटी जास्त उतरलं होतं.

म्हणजे तुमचे डॉक्टर थापा मारत नव्हते. पण ४० माणसं आणि १२ आठवडे यावर मी "लिव्हर सुधारेल" असं वाक्य टाकणार नाही. एसजीपीटी उतरणं आणि यकृतातली चरबी किंवा व्रण कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपलेलं एन्झाइम. ते कारणाशिवायही वरखाली होतं. एखाद्याचा आकडा नेमका चढलेला असताना तपासणी झाली, तर पुढच्या वेळी काहीही न करता तो खाली दिसण्याची शक्यता जास्त असते.

मी स्वतः इथे तोंडघशी पडलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णाचं एसजीपीटी माझ्या उपचारांनंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. मी तो रिपोर्ट मोठ्या कौतुकाने दोन-तीन सहकाऱ्यांना दाखवला. पुढच्या भेटीत खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, "हो, आणि दारू सोडून आता चार महिने झाले." कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि कावळा मी होते. तेव्हापासून मी उपचार सुरू करताना वजन, दारू, सिगारेट आणि चालू गोळ्या लिहून ठेवते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

याच कारणाने लोकसंख्येच्या मोठ्या अभ्यासांत "पायोरिया असलेल्यांना लिव्हरचे आजार जास्त" असं दिसलं तरी मी जपून वाचते. पोटाचा घेर, साखर, सिगारेट, दारू, वाढतं वय, कमी मिळकत, डॉक्टरकडे जाण्याची टाळाटाळ: एवढं सगळं दोन्ही आजारांना सारखंच खतपाणी घालतं. अभ्यासक आकडेवारीतून हे घटक वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळे होत नाहीत.

यातल्या साखरेवर जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नात ती कुठेच नाही आणि मला ती असायला हवी होती. फॅटी लिव्हर आणि पायोरिया हातात हात घालून येतात तेव्हा माझ्या अनुभवात तिसरा सोबती बहुधा मधुमेह असतो, आणि निम्म्या वेळा त्याचा पत्ताच नसतो. हिरड्यांच्या उपचारांचा शरीरावर होणारा परिणाम सगळ्यात भक्कम सिद्ध झालाय तो इथे: मधुमेह असलेल्यांमध्ये उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं. साखर सुधारली तर लिव्हरला त्याचा फायदाच. २०१८ मध्ये आलेल्या पायोरियाच्या नव्या वर्गीकरणातही आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना दोनच गोष्टी मुद्दाम विचारल्या जातात, सिगारेट आणि एचबीएवनसी. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेट, किंवा मधुमेह असून एचबीएवनसी ७ किंवा त्यापुढे असेल तर तुम्ही सरळ सगळ्यात वेगवान गटात जाता. तेव्हा तुमची ही तपासणी गेल्या सहा महिन्यांत झाली नसेल तर साफसफाईच्या आधी ती करून घ्या.

आता तुमच्या लिव्हरचा टप्पा. सोनोग्राफीतला "ग्रेड १" यकृतात चरबी किती दिसते ते सांगतो. यकृतात व्रण, म्हणजे फायब्रोसिस, किती आहे ते त्यावरून कळत नाही, आणि पुढचा धोका ठरतो तो फायब्रोसिसवर. एसजीपीटीवरूनही ते कळत नाही. सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होण्याचा शेवटचा टप्पा, असलेल्या माणसाचं एसजीपीटीही अगदी नॉर्मल असू शकतं. त्यासाठी फिजिशियन एक सोपं गणित वापरतात, फिब-४: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचे आकडे घातले तर ४४ गुणिले ५२ म्हणजे २२८८. ७८ चं वर्गमूळ ८.८३, त्याला २४० ने गुणलं की सुमारे २१२०, भागाकार १.०८. १.३ च्या खाली असेल तर पुढारलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी मानतात. हे गणित मी दाखवते ते तुम्हाला निश्चिंत करायला नव्हे. पुढच्या भेटीत तुम्ही "माझं फिब-४ किती, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) लागेल का" असं विचारावं म्हणून. निदान त्यांनी करायचं.

ते कमी धोक्याचं म्हणाले, तर "आधी काय" हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही एकदम सुरू करा. लिव्हरचा मुख्य उपचार वजन, साखर आणि दारू हाच राहतो. शरीराच्या वजनात ७ ते १० टक्के घट झाली तर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात, आणि एवढं सामर्थ्य माझ्या हत्यारांत नाही. हिरड्यांचे उपचार त्याच्या शेजारी, स्वतःच्या कारणासाठी. एसजीपीटीला थोडा हातभार लागला तर आनंद.

सिरॉसिस असलेल्यांचं चित्र मात्र वेगळं आहे. तुम्ही त्यात बसत नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात असा रुग्ण असू शकतो, म्हणून लिहिते. चीनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तेव्हा त्यांच्यात वाढलेल्या आणि ओळख पटलेल्या प्रजातींपैकी ५४ टक्के मूळच्या तोंडातल्या निघाल्या. म्हणजे गिळण्याची वाट इथे हमरस्ता झालेली असते. त्यात यकृताची गाळण कमकुवत, आतड्याची भिंत झिरपणारी. अमेरिकेत रिचमंडच्या एका गटाने २०१८ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केले आणि महिनाभराने पाहिलं, तर रक्तातली जिवाणूंची विषद्रव्यं आणि दाहाचे निर्देशक कमी झाले होते, आणि यकृतामुळे ज्यांच्या मेंदूवर झापड यायची त्यांच्या बौद्धिक चाचण्यांत सुधारणा दिसली. अभ्यास छोटा आहे, पण मला तो फॅटी लिव्हरच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण इथे रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडला. लिव्हर प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी तोंड तपासून घ्यायला सांगतात त्यामागेही हाच विचार: नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर हिरडीतला संसर्ग परवडत नाही.

म्हणजे गंमत अशी, की जिथे हिरड्यांच्या उपचारांचा फायदा जास्त तिथेच ते करणं जास्त जोखमीचं. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं, आणि पाणथरी वाढली की प्लेटलेट घटतात. अशा रुग्णाचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा) पाहिल्याशिवाय मी हत्यार हातात घेत नाही. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत खोल काम थांबवते. नुसत्या आयएनआरवर मात्र भिस्त नाही. सिरॉसिसमध्ये तो आकडा रक्तस्रावाचा नीट अंदाज देत नाही. आधी दोन-तीन दातांचा छोटा भाग करून बघते, दाब देऊन रक्त थांबतं का पाहते, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं द्रावण जवळ ठेवते, मग पुढे जाते. भेटी वाढतात, रुग्ण कंटाळतो. त्याला माझा इलाज नाही.

एक धोक्याची खूण सगळ्यांसाठी. पायोरियाचं रक्त ब्रश केल्यावर, काही चावल्यावर येतं. हात न लावता हिरडीतून रक्त पाझरत असेल, सकाळी उशीवर डाग दिसत असतील, अंगावर निळे वण उठत असतील, डोळे पिवळे वाटत असतील, तर दातांचा डॉक्टर नंतर. आधी रक्ततपासणी आणि फिजिशियन.

आता औषधं. तुमच्या टप्प्यावर भुलीचं नेहमीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं. ते यकृतातच विघटित होतं हे खरं, पण दोन-तीन कार्ट्रिजमुळे साध्या फॅटी लिव्हरला काही होत नाही. यकृत खरोखर कमकुवत असेल तर मी मात्रा कमी ठेवते, किंवा आर्टिकेन वापरते, कारण त्याचा बहुतांश भाग रक्तातच निकामी होतो.

अँटिबायोटिकबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. डीप क्लीनिंगबरोबर ते दर वेळी लागत नाही. पॉकेटमधला थर हत्याराने निघतो. गोळीने तो निघत नाही, कारण जिवाणू चिकट आवरणात गुंडाळलेले असतात. तरीही चिठ्ठीवर सवयीने अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड लिहिलं जातं. औषधांमुळे होणाऱ्या अनपेक्षित यकृत-इजांच्या यादीत हेच औषध अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर आहे. मीही सुरुवातीच्या काळात सर्रास लिहायचे. मग एका रुग्णाला कोर्स संपून तीन आठवड्यांनी कावीळ झाली. त्याने मला कळवलंही नाही. त्याच्या मते दातांचा आणि काविळीचा काय संबंध? दोन महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा फाइलमधले कागद चाळताना मला उमगलं. तो पूर्ण बरा झाला, पण ते औषध त्याला मुळात लागतच नव्हतं. तेव्हा तुम्हाला अँटिबायोटिक लिहून दिलं तर "हे कशासाठी" असं विचारायला संकोचू नका. पू असेल, ताप असेल, चेहरा सुजला असेल तर घ्या, आणि पुढचे सहा-आठ आठवडे गडद लघवी, अंगाला खाज किंवा पिवळेपणा दिसला तर औषध कधीच संपलंय म्हणून गप्प बसू नका.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. लिव्हरचं नाव काढलं की लोक पॅरासिटामॉलला घाबरतात आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतात. सिरॉसिसमध्ये हे अगदी उलटं आहे. तिथे आयबुप्रोफेन वर्गातल्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि रक्तस्रावाला निमंत्रण देतात, तर पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत सहसा सुरक्षित मानतात. तुम्हाला डीप क्लीनिंगनंतर एक-दोन दिवस ५०० मिलिग्रॅमची गोळी दोन-तीनदा पुरेल. फक्त सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते मोजायला विसरू नका.

एवढ्याचा मेळ घालायचा तर: हिरड्यांचे उपचार लांबवू नका, एचबीएवनसी आणि फिब-४ विचारून घ्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवा, विनाकारण अँटिबायोटिक नको. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट यातली तिसरी आहे. लिव्हरचा डॉक्टर तोंडात डोकावत नाही आणि आम्ही एसजीपीटी विचारत नाही. मधला निरोप्या तुम्हालाच व्हावं लागेल.

रक्ततपासणी कधी करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात लॅबमध्ये जाणार असा मला दाट संशय आहे. जाऊ नका. खोल साफसफाई म्हणजे सुजलेल्या जागेत हत्यार चालवणं. दुसऱ्या दिवशी रक्तातला दाह वाढतो, कमी होत नाही. २००७ मध्ये १२० रुग्णांवरच्या एका चाचणीत हे स्पष्ट दिसलं: पहिल्या दिवशी सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ वर गेले, रक्तवाहिन्यांचं काम तात्पुरतं बिघडलं, आणि सहा महिन्यांनी मात्र उपचार घेतलेल्यांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या निघाल्या. तुमच्या हिरड्यांची फेरमोजणी ८ ते १२ आठवड्यांनी होईल. लिव्हरची तपासणीही त्याच सुमारास करा, आणि कागदावर त्या दिवशीचं वजन लिहा. आकडा उतरला तर श्रेय कोणाला द्यायचं हे निदान भांडून ठरवता येईल.

पॉकेट ४ मिलिमीटर किंवा त्याखाली आले आणि रक्त थांबलं तर काम जमलं. मागच्या दाढांच्या मुळांमध्ये फट असेल तर एक-दोन जागा हट्टी राहतात. तिथे पुन्हा साफसफाई किंवा छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. त्यानंतर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी येणं. हे लोक टाळतात, आणि दोन वर्षांत पॉकेट होते तिथे परत येतात. माउथवॉशवर फार भरवसा नको: क्लोरहेक्सिडीन दोन आठवडे ठीक, पुढे दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. दारू सोडायचा प्रयत्न करणाऱ्याने बाटलीवर अल्कोहोल लिहिलेला माउथवॉश आणूच नये.

आणि घरच्यांचं म्हणणं. दात हलायला लागतात असं त्यांनी पाहिलंय, ते खोटं बोलत नाहीत. वर्षानुवर्षं साठलेला टार्टर, विशेषतः खालच्या पुढच्या दातांमागे, सिमेंटसारखा दातादातांना जोडून ठेवतो. आतलं हाड तोवर झिजलेलं असतं, पण ते या सिमेंटमुळे जाणवत नाही. ते काढलं की दाताची खरी अवस्था उघडी पडते. सूज उतरली की हिरडी मागे सरते, दातांमध्ये फटी दिसतात, थंड लागलं की झिणझिण्या येतात. पहिले दोन-तीन आठवडे हे जास्त वाटतं. मग हिरडी दाताला पुन्हा घट्ट बिलगते आणि बहुतेकांचे दात आधीपेक्षा स्थिर होतात. फटी मात्र काही प्रमाणात राहतातच, आणि त्यांत नेहमीचा ब्रश पोचत नाही. प्रत्येक फटीचं माप वेगळं असतं, म्हणून शेवटच्या साफसफाईच्या दिवशी खुर्चीतून उठण्याआधी कोणत्या जागी कोणत्या मापाचा इंटरडेंटल ब्रश घालायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून आरशात बघून शिकून घ्या, आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः घालून दाखवा.